हक्कसोडपत्र आणि बाहेरचा काटा : एका घरातलं प्रकरण

नावं, गाव, नात्यातले ओळखू येतील असे तपशील काढून टाकलेत. घरच्यांना विचारून लिहितेय. भावाने एकच अट घातली की त्याला खलनायक करायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तो नव्हताही.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं पाटपाण्याखालचं गाव. सहा एकर रान, त्यातल्या चारेक एकरात ऊस, बाकी सोयाबीन-हरभरा आलटून पालटून. वडील ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. मागे आई (७४), थोरली मुलगी (५१), भाऊ (४९) आणि धाकटी (४४). थोरली माझी कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणून मी यात आले, नाहीतर दुसऱ्याच्या जमिनीच्या बैठकीत जाऊन बसायची मला काही हौस नाही. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे 'बाईंना बोलवा, त्या समजावून सांगतील' असा एक गैरसमज त्या घरात आधीपासून होता.

वर्षश्राद्ध झालं, पंगत उठली, आणि भावाने पिशवीतनं कागद काढले. टाईप केलेलं हक्कसोडपत्र, नावं भरलेली, सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या. फुल्या तीन होत्या. दोन बहिणींच्या आणि एक आईची, पण त्या तिसऱ्या फुलीकडे त्या दिवशी कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील गेले की सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात, त्यात मुलींचीही. मग बऱ्याच घरांत बहिणी दुय्यम निबंधकांकडे जाऊन भावाच्या नावे हक्क सोडतात, तेव्हा त्याला स्टॅम्प २०० रुपयांचा लागायचा, आणि बदल्यात काय तर माहेर. दिवाळीला हक्काने यायचं, भाऊबीजेची साडी, बाळंतपण-आजारपणात पाठीशी भाऊ. जिने सोडलं ती गुणाची, जिने नाही सोडलं ती 'हिस्सा मागणारी'. हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात.

कायदा काय म्हणतो याबद्दल घरात वाद नव्हता, हे लक्षात ठेवा. पण कायद्याची एक गंमत या घराला अगदी नेमकी लागू पडते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. थोरलीचं लग्न १९९३ चं, धाकटीचं २००१ चं. म्हणजे एका आईच्या दोन लेकी, धाकटीला जन्माने हक्क आणि थोरलीला नाही, कारण काय तर लग्नाची तारीख! ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा फरक संपवला, आणि वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असंही नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इथे हिशोब सरळ होता, चौघांना सारखा चौथा हिस्सा, प्रत्येकी दीड एकर.

अडचण नेमकी काय होती

भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, 'आक्का, कायद्याने तुझं आहे, मी कुठं नाही म्हणतोय. पण मागणं बरोबर नाही.' आणि धाकटीचंही तेच मत, तिच्यावर कुणी दबाव आणला नव्हता, ती स्वतःहून म्हणत होती की भावाकडून जमीन घेणं तिच्या मनालाच पटत नाही. थोरलीला सही करायची नव्हती, पण का नाही ते तिला धड सांगता येत नव्हतं, नुसतं पोटात कालवतंय म्हणाली.

मग थोरलीची मुलगी, म्हणजे भावाची भाची, मधे पडली. पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. करत होती, हुशार आहे, तोंडाने फटकळ आहे. तिचं म्हणणं असं की मामा आणि मावशी ज्याला 'बरोबर' म्हणतायत ते मुळात मतच नाही, ती रुजवलेली गोष्ट आहे. लग्न झालं की मुलगी दुसऱ्या गावाला जाणार, जमीन नांगर धरणाऱ्याच्या हातात एकत्र राहिली पाहिजे, म्हणून ज्यांच्या हातात जमीन होती त्यांनी असं ठरवलं की मुलीने सोडणं हाच तिचा चांगुलपणा. मग तो ओव्यांतून, भाऊबीजेतून, आजीच्या तोंडून पिढ्यानपिढ्या पाजला. तेव्हा हे मत खोटं, विषय संपला.

विषय तिथे संपला नाही, सुरू झाला. कारण 'हे मत तुझ्या डोक्यात कुठून आलं' आणि 'हे मत बरोबर आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं का, हे मी वर्गात १९ वर्षं शिकवतेय, आणि ऐन वेळी मीच ते विसरले.

पहिली बैठक, म्हणजे आमची फजिती

सप्टेंबर २०२२, ओसरीवर सतरंजी, चहा दोनदा झालेला. भाची म्हणाली, 'मावशी, हे तुझं मत नाहीच गं, हे संस्कार बोलतायत.'

धाकटी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, 'बरं. मग तुझं तरी कुठलं तुझं आहे? ते पुण्याच्या होस्टेलवरचं आहे. तू इथंच राहिली असतीस, बारावीला लग्न झालं असतं तुझं, तर तू माझ्यासारखंच बोलली असतीस की नाही? खरं सांग.'

भाचीला 'हो' म्हणावं लागलं, प्रामाणिक पोरगी आहे.

इथे मी सावरायला हवं होतं, त्याऐवजी भाचीची बाजू घेतली आणि भावाला म्हटलं, हे असं का वाटतं याच्या मुळाशी कधी गेलायत का तुम्ही. तो शांतपणे म्हणाला, 'गेलो नाही मॅडम. तुम्ही तुमच्या मुळाशी गेलाय का? तुमचे वडील मास्तर, घरात जमीनच नव्हती. समान वाटणी बोलायला तुमचं काय जातंय?' खरंय हो. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरात वाटायला चार भांडी आणि एक सायकल होती. मला उत्तर सुचलं नाही. थोरली उठून गोठ्याकडे गेली, आई भांडी गोळा करायला लागली, बैठक मोडली.

मधले दोन महिने : पर्याय

व्यवहाराचे पर्याय चार होते आणि ते पटकन सांगून टाकते. सगळ्यांनी सही करायची. तहसीलदारांकडे किंवा दिवाणी कोर्टात वाटप मागायचं. नावं तशीच ठेवून भावाने कसायचं आणि उत्पन्नात वाटा द्यायचा. किंवा भावाने बहिणींना रोख रक्कम देऊन हिस्से घ्यायचे. चौथ्यासाठी त्याच्याकडे पैसा नव्हता, दुसऱ्यात दहा-पंधरा वर्षं आणि उरलेलं नातं गेलं असतं. म्हणजे खरी निवड पहिल्या आणि तिसऱ्यात.

पण मला झोप येत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीने, भावाच्या त्या प्रश्नाने. विचार केला तर युक्तिवादाचेही तीनच रस्ते होते.

एक, मूळ बघणंच बंद करायचं. मत कुठून का आलेलं असेना, ते खरं की खोटं तेवढं बघा. तर्कशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, की मत कुठून जन्मलं यावरून त्याची किंमत ठरवणं हा दोष आहे. पण हे पूर्ण पटत नाही. उद्या कळलं की शेजाऱ्याबद्दलचं माझं वाईट मत मला एका अशा माणसाने सांगितलेल्या गोष्टींवर उभं आहे ज्याला शेजाऱ्याचा प्लॉट हवाय, तर माझं मत तसंच्या तसं ठेवणं हा मूर्खपणाच ना.

दोन, भाचीचा रस्ता टोकापर्यंत न्यायचा. मग काही म्हणजे काहीच उरत नाही. डार्विनने १८७१ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं जर मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढली असती तर अविवाहित स्त्रियांना आपल्या भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं. (भाऊबीजेच्या तोंडावर हे उदाहरण मी त्या घरात सांगितलं नाही, तेवढी अक्कल मला होती.) २००६ मध्ये शॅरन स्ट्रीट या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी हाच पेच नीट मांडला, की आपले नैतिक कल जर जगण्या-तगण्याच्या दाबाने घडलेत, तर ते एखाद्या स्वतंत्र नैतिक सत्याशी जुळले असतील तर तो निव्वळ योगायोग म्हणावा लागेल. हा पेच खरा आहे, पण तो हक्क सोडण्याच्या मताला जितका लागतो तितकाच समान वाटणीच्या मतालाही लागतो. भाचीला जी कुऱ्हाड हवी होती ती फक्त मामाच्या फांदीवर चालणारी, आणि तशी कुऱ्हाड यात मिळत नाही.

तीन, मधला रस्ता, आणि तो मला सापडला तो मीमांसकांकडे, जे वेदाचं प्रामाण्य सांभाळायला बसले होते, म्हणजे भाचीच्या अगदी विरुद्ध टोकाची मंडळी! सातव्या शतकाच्या आसपासच्या कुमारिल भट्टांचं म्हणणं असं, की ज्ञान झालं की ते आधी प्रमाणच धरायचं, दर वेळी दाखला मागत बसायचं नाही. ते सोडायचं दोनच कारणांनी. एकतर त्याला खोडणारं दुसरं ज्ञान आलं, किंवा ज्या साधनातून ते आलं त्यातच दोष आहे हे कळलं. म्हणूनच वेद अपौरुषेय म्हणायची त्यांना गरज पडली, कर्ताच नाही तर कर्त्याचा दोष कुठून येणार. आता त्यांचा वेदाबद्दलचा निष्कर्ष घ्या नका घेऊ, पण गाळणी चांगली आहे. नुसतं 'हे संस्कारातून आलं' हा दोष नाही, संस्कारातून तर सगळंच येतं, चोरी करू नये हेही. दोष दाखवायचा तर असं दाखवावं लागेल की ज्याने हे मत पाजलं त्याचा त्यात फायदा होता, आणि मत बरोबर असो वा चूक, त्याने तेच पाजलं असतं.

आणि तेवढं दाखवलं तरी मत खोटं ठरत नाही, त्याची फुकटची पत जाते. आता ते कारणांच्या पायावर उभं करून दाखवा, एवढंच.

भाची मला फोनवर म्हणाली, पण जोतीराव फुल्यांनी तर हेच केलं ना, नियम कुणी केले आणि कुणाच्या फायद्याचे ते दाखवलं? मी म्हटलं, केलंच, १८७३ च्या 'गुलामगिरी'त केलं. पण जोतीराव तिथे थांबले नाहीत ना गं, निर्मिकाने, म्हणजे निर्माणकर्त्याने, सगळे स्त्रीपुरुष सारखे स्वतंत्र केलेत हे त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. नुसतं पाडून घर होत नाही. यावर ती 'हं' म्हणाली, तिचं 'हं' म्हणजे पटलं नाही पण नोंद घेतली.

दुसरी बैठक : काय केलं

नोव्हेंबर २०२२, दिवाळी होऊन गेलेली. त्या वर्षी भाऊबीजेला थोरलीला बोलावणं आलं नव्हतं, धाकटीला आलं होतं. यावेळी चुलत्यांना, आबांना, मधे बसवलं. आबा ८० च्या पुढचे, चौथी शिकलेले.

मी कुमारिल-बिमारिल न काढता एवढंच म्हटलं की मत कुणी शिकवलं हे कळल्यावर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, पण ते खोटंच असंही म्हणता येत नाही. आबा तंबाखू मळत होते, म्हणाले, 'काट्यागत म्हणा की.'

मला कळेना.

'अवो, कारखान्याच्या काट्यावर ऊस घातला, वजन कमी आलं. काटा कारखान्याचा, पैशे देणार कारखाना. म्हून वजन खोटंच का? तसं न्हाई. खरंबी असंल. पर त्या पावतीवर कोण इस्वास ठेवतंय? ट्रॉली भायेरच्या काट्यावर घालायची आन बघायचं.'

मी १९ वर्षं जे एका सेमिस्टरमध्ये सांगू शकले नाही ते त्या माणसाने चार वाक्यांत सांगितलं, बरं का. आणि लगेच भाऊ म्हणाला, 'आबा, पण ह्याला बाहेरचा काटा कुठला? सगळ्यांचेच काटे कुणाचे ना कुणाचे.' हाही खरा प्रश्न, आणि शॅरन स्ट्रीटबाईंचा प्रश्न तरी दुसरा काय होता. आबा म्हणाले, 'एक न्हाई तर धा काट्यावर घाल.'

मग आम्ही तेच केलं. भावाला म्हटलं, 'अशी रीत आहे' हे कारण बाजूला ठेवा आणि आमचंही 'समानता' हे पुस्तकी कारण बाजूला ठेवतो, आता रीत शिकवणाऱ्याचा काही संबंध नसलेली कारणं सांगा, आपण एकेक वजन करू.

पहिलं कारण, 'बहिणींच्या लग्नाला खर्च झाला, तोच त्यांचा हिस्सा.' आईने कपाटातनं वडिलांची लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली. वडील नीटनेटके, सगळं लिहिलेलं: मांडव, आचारी, वाजंत्री, सोनं साडेतीन तोळे. थोरलीचं लग्न ६२,००० रुपये, धाकटीचं १,४५,०००. त्याच वहीत भावाच्या डिप्लोमाची फी आणि मेस ४८,०००, ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट १,१०,०००, त्याचं लग्न ९०,०००. थोरलीने मोबाईलवर बेरीज केली, २,०७,००० आणि २,४८,०००. भाऊ म्हणाला, ९३ चा रुपया आणि २००१ चा रुपया एक नाही, आणि ते बरोबर होतं, पण कसंही फिरवलं तरी 'बहिणींनी त्यांचा हिस्सा आधीच नेला' हे काही निघेना. त्याने वही मिटली आणि 'हे सोडा' म्हणाला.

दुसरं, जमिनीचे तुकडे पडतील. हे कारण खोटं नाही, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे तो उगाच नाही. पण कसणं एकत्र ठेवूनही मालकी वेगळी राहू शकते, त्यामुळे यातनं 'एकाने कसावं' एवढंच निघतं, 'एकाच्या नावावर असावं' हे निघत नाही.

तिसरं, आईला तो सांभाळतो. हे कारण मात्र टिकलं. कुठल्याही काट्यावर घातलं तरी वजन तेवढंच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शुगरच्या गोळ्या, वडिलांची शेवटची दोन वर्षं, सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. (बायकोचं नाव सातबाऱ्यावर नाही की वहीत नाही, हे भाचीने तिथल्या तिथे म्हणून दाखवलं आणि भावजय आतून पहिल्यांदा बाहेर येऊन बसली.)

मी माझा हुकमी एक्का काढला. विचारलं, तुमच्या मुलीने उद्या तिच्या भावासाठी सही करावी असं वाटतं का? मला वाटलेलं हा अडखळेल. तो सरळ म्हणाला, 'हो. करेलच ती.' म्हणजे अदलाबदल करून बघायची माझी चाचणी त्याने आरामात पास केली, कारण चाचणी घेणारं मन त्याच रीतीत वाढलेलं. हाच प्रश्न मग मुलीला विचारला, ती १९ वर्षांची, दारात उभी. ती बापाकडे बघत म्हणाली, 'मला आधी कुणी विचारलेलं नाही.' 'हो' नाही की 'नाही' नाही.

आणि मग आई बोलली. ती हक्कसोडपत्र चष्मा लावून वाचत होती इतका वेळ. म्हणाली, 'ही तिसरी फुली माझी का रे?' भाऊ गडबडला, खरंच गडबडला, वकिलाच्या टायपिस्टने नेहमीचा मसुदा दिला होता आणि त्यात आईही असतेच. आई म्हणाली, 'माझं माझ्या नावावर राहू दे. तू सांभाळतोस, सांभाळशील. पण नावावर राहू दे.'

शेवटी काय झालं

आईचा आणि थोरलीचा हिस्सा नावावर राहिला. कसायचं भावाने, खर्च वजा जाता थोरलीच्या दीड एकराचं उत्पन्न निम्म्याने, आईची जबाबदारी भावाकडे म्हणून पहिली दोन वर्षं थोरलीने काही घ्यायचं नाही. हे सगळं साध्या कागदावर लिहून चौघांच्या सह्या. पुढची भाऊबीजही कोरडी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी भाऊ स्वतः गाडी घेऊन थोरलीकडे आला, जेवला, फार बोलला नाही.

धाकटीने जून २०२३ मध्ये तिचा हिस्सा भावाला सोडला. सगळं ऐकून, वही बघून, आठ महिने थांबून. भाची अजून चिडलेली आहे, म्हणते मावशीला पाजलेलंच जिंकलं. मी धाकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'आधी मी सोडणार होते कारण सोडायचं असतं. आता सोडलं कारण वहिनीने दादांचं हगणं-मुतणं काढलंय आणि मी मुंबईत बसून फोन करत होते.' दादा म्हणजे वडील. तर मत तेच, सही तीच, पण खालचा पाया बदललेला. का पाया नंतर शोधून लावलेला? हे तिला तरी कळेल का, मला शंका आहे. मग ते वहिनीच्या नावे का नाही सोडलं, हेही मी विचारलं. त्यावर ती हसली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या बैठकीत आम्ही मुळावर घाव घातला तो फार लवकर. आधी कारणं विचारायला हवी होती, आणि कारणं न देता कुणी नुसतं 'असंच असतं' म्हटलं तरच मूळ उकरायला हवं होतं. 'हे तुझं मतच नाही' हे वाक्य तर समोरच्याला म्हणूच नये, ४४ वर्षांच्या बाईला तर नाहीच. त्यात ती चूक आहे असं तुम्ही म्हणत नाही, ती तिथे नाहीच असं म्हणता.

दुसरं, मी माझं मूळ आधी सांगायला हवं होतं. मास्तरची मुलगी, वाटायला काही नाही, कॉलेजात समानता शिकवून पगार घेते, माझाही काटा कुणाचा तरी आहेच. हे मी स्वतः बोलले असते तर भावाला ते शस्त्र म्हणून काढावं लागलं नसतं.

तिसरं, आमच्या बाजूचं वजन त्या दिवशी कुणी केलंच नाही. भावाची तीन कारणं चाळली, थोरलीचं 'पोटात कालवतंय' तसंच सोडून दिलं. तिला सही का करायची नव्हती ते तिने मला वर्षभराने सांगितलं, जमिनीसाठी नव्हतं ते, वडिलांच्या वहीत तिच्या नावापुढे फक्त खर्च होता म्हणून होतं. हे बैठकीत आलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही, कदाचित काहीच नाही.

आणि भावजयीला पहिल्या दिवसापासून सतरंजीवर बसवायला हवं होतं.

यंदा थोरलीचा पहिला वाटा आला. भावाने पैसे ऑनलाईन पाठवले आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर उसाच्या ट्रॉल्यांच्या पावत्यांचे फोटो, प्रत्येक खेपेच्या दोन-दोन. एक कारखान्याच्या काट्याची, एक बाहेरच्या.